पोटरीची तक्रार

भाजीची पाच-सहा किलोंची पिशवी हात बदलत घेऊन चालताना फारसं काही वाटत नाही. पण दाराशी येऊन किल्ली शोधत, ती एका हातात लोंबकळत धरून उभं राहिलं की बोटांना रग लागते, हात कोपरापर्यंत भरून येतो. अशा वेळी कोणी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तर तो चढलेला दिसेल. धावपळ तर काहीच नाही, मग दाब कशाने चढला?

मेंदू स्नायूला हुकूम सोडतो तेव्हाच हृदयालाही वर्दी देतो, हे एक उत्तर. खरं आहे, पण अपुरं. उरलेलं उत्तर आलम आणि स्मर्क या दोघा संशोधकांनी १९३७ साली मांडलं, तेही अगदी साध्या युक्तीने. पायाला पट्टा करकचून बांधून रक्तप्रवाह थांबवायचा आणि पोटरीला व्यायाम करायला लावायचा. रक्तदाब वाढला, त्यात नवल नाही. गंमत पुढे आहे. व्यायाम थांबला, पट्टा मात्र तसाच ठेवला, तर दाब पुरता उतरेना. पट्टा सोडला आणि तो झटक्यात खाली आला. मेंदूचा हुकूम तर केव्हाच संपला होता! म्हणजे कोंडलेल्या स्नायूतूनच कोणीतरी वर ओरडत होतं.

ओरडणारे म्हणजे स्नायूत पसरलेले बारीक संवेदी चेतातंतू. काहींना ताण आणि दाब कळतो; काहींना काम करताना साठणारी रसायनं, म्हणजे लॅक्टिक आम्ल, पोटॅशियम वगैरे. ही खबर मज्जारज्जूतून मेंदूच्या तळाशी पोचते, तिथून रक्तवाहिन्या आवळण्याचा आणि हृदय जोरात चालवण्याचा आदेश निघतो. घट्ट आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या चेपून धरतो, म्हणून पिशवी नुसती धरून उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं. चालताना पोटरी आवळते, सैल होते, मधल्या वेळात रक्त वाहून घेते.

पुढच्याच वर्षी या दोघांनी एका रुग्णाची नोंद केली. मज्जारज्जूच्या दुखण्याने त्याच्या एका पायाची संवेदना गेली होती, पण पाय हलत होता. त्या पायाच्या व्यायामाने मात्र रक्तदाबाची ही चढण दिसेना. मला हा पुरावा पट्ट्याच्या प्रयोगापेक्षाही बिनतोड वाटतो.

उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये ही प्रतिक्षिप्त क्रिया गरजेपेक्षा जास्त जोर धरते, म्हणून वजन उचलून धरून ठेवणं त्यांना विशेष महागात पडतं.

मग हे तंतू गप्प केले तर? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंच्या पाठीच्या कण्यात फेंटॅनिल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाचं इंजेक्शन देऊन खबर वाटेतच अडवली. पायातली ताकद शाबूत होती. पाच किलोमीटरच्या शर्यतीत ते सुरुवातीला नेहमीपेक्षा जोरात सुटले, उत्तरार्धात ढेपाळले आणि एकूण वेळ जवळपास तेवढाच लागला. मांड्या मात्र इतक्या पिळून निघाल्या होत्या, की सायकलवरून उतरल्यावर त्यांना धड चालताही येईना.