सतराव्या वर्षी चोरी, पन्नाशीत अपहार

सांगलीत राहणाऱ्याच्या कानावर तीन गुन्हे वारंवार येतात. एसटी स्टँडच्या गर्दीत मोबाइल मारला जातो. खेड्यात बांध कोरला म्हणून भावकीत कुऱ्हाडी निघतात. आणि एखादी पतसंस्था बुडते, ठेवीदार हेलपाटे घालत राहतात. आरोपींची वयं आठवून पाहा. पहिला बहुधा नुकती मिसरूड फुटलेला, दुसरा पोराबाळांचा बाप, तिसऱ्याचे केस पिकलेले.

बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याने १८३१ साली फ्रान्समधल्या न्यायालयांचे आकडे वयानुसार मांडले. गुन्ह्याकडचा कल पंचविशीच्या आसपास शिगेला पोचून उतरत जातो, असं त्याला दिसलं. वय वाढतं तशी ताकदीची जागा कावा घेतो, हेही त्याने टिपलं. पुढे अनेक देशांत हाच चढउतार आढळला, पण प्रत्येक गुन्ह्याचं शिखर वेगळं. चोरी आणि तोडफोड किशोरवयाच्या अखेरीस, मारामारी थोडी पुढे. अपहार मात्र उशिरा सुरू होतो, कारण त्यासाठी आधी कुणीतरी विश्वासाने तिजोरीची किल्ली हातात द्यावी लागते.

किशोरवयात मेंदूतली थरार शोधणारी यंत्रणा लवकर जागी होते. आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. अमेरिकेत २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. पिवळा सिग्नल लागल्यावर गाडी किती दामटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. मित्र शेजारी बसले की किशोरांचा धोका घेण्याचा कल बराच वाढला. चोविशी ओलांडलेल्यांत फारसा फरक पडला नाही. पोरं चोरीही टोळक्याने करतात. एका मोटारसायकलमागे चौघे पकडले जातात, म्हणून अटकेच्या आकड्यांत त्यांचा वाटा थोडा फुगूनच दिसतो.

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडलेला भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा मागोवा घेताना त्यांना दोन वाटा दिसल्या. थोडी मुलं लहानपणापासून पुढेही आक्रमकच राहतात. बहुतेकांचा वांडपणा मात्र किशोरवयापुरताच असतो. म्हणूनच सतराव्या वर्षी पकडलेल्या पोराला गल्लीने जन्मभर ‘चोर’ म्हणत राहणं माझ्या जिवाला लागतं. त्या शिक्क्यापायी काम मिळत नाही, सोयरीक जुळत नाही.

आणि नेमकं काम आणि संसार हेच माणसाला गुन्ह्यातून बाहेर काढतं. सॅम्पसन आणि लॉब या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञांनी बोस्टनच्या सुधारगृहांत राहिलेल्या मुलांची आयुष्यं पार सत्तरीपर्यंत तपासली. टिकाऊ नोकरी आणि चांगला संसार लाभलेले गुन्ह्यातून लवकर सुटले होते. आपल्या आटपाडी तालुक्यातलं स्वतंत्रपूर या अभ्यासाच्याही आधीचं, १९३९ सालचं. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून औंध संस्थानात कैद्यांची ही खुली वसाहत उभी राहिली. तिथे खुनाची शिक्षा भोगणारे कैदीसुद्धा कोठडीत नाही, बायकामुलांसोबत घरात राहतात आणि सकाळी शेतात जातात.