मंडळाचं पॅन, मंडळाचं खातं

सांगली जिल्ह्यातील तरुण मंडळं, क्रीडा मंडळं आणि उत्सव मंडळांच्या पदाधिकाऱ्यांसाठी

पावतीवर नाव मंडळाचं आणि मोबाईलवर पुढं केलेला क्यूआर कोड खजिनदाराचा, हे वर्गणीच्या दिवसांत गल्लोगल्ली दिसतं. पोरं प्रामाणिक असतात, हिशेबाची वहीही चोख असते. पण खातं ज्याच्या नावावर, पैसाही त्याचाच, असंच बँक धरून चालते. त्या खजिनदाराचं गाडीचं कर्ज थकलं तर बँक शिल्लक रकमेला हात घालू शकते. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर रक्कम नॉमिनीकडे जाते आणि घरच्या दुःखात मंडळाला पैसे मागत फिरावं लागतं. वर्गणी पाठवणाऱ्यांपैकी एकाचं खातं सायबर तक्रारीत अडकलं की खजिनदाराचंही खातं गोठू शकतं, मग त्यात त्याचा पगारही अडकतो. आणि बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली, तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. मग ‘हे पैसे माझे नाहीत’ हे सिद्ध करायचं ओझं त्या एकट्या पोरावर येतं.

म्हणून मंडळाचं स्वतःचं पॅन आणि स्वतःचं खातं हवं. पॅन काढलं की कर मागे लागतो, अशी भीती बरेच जण घालतात. ती काढून टाका. पॅन हा ओळख क्रमांक आहे. कर उत्पन्नावर ठरतो, कार्डावर नाही.

नोंदणी आहे की नाही, ते आधी बघा

पुढचे सगळे कागद यावर ठरतात. नोंदणी झालेल्या मंडळाकडे सहसा दोन प्रमाणपत्रं असतात: एक संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचं आणि दुसरं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खालचं. दोन्ही धर्मादाय कार्यालयातूनच मिळतात. संस्था नोंदवायला किमान ७ सभासद लागतात. कपाटात एकच प्रमाणपत्र सापडलं तर दुसरंही शोधा. बहुतेक वेळा ते जुन्या सचिवाच्या घरी असतं.

गणपतीआधी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली मिळते ती वर्गणी गोळा करायची परवानगी. तिला नोंदणी समजू नका. ती त्या उत्सवापुरतीच असते आणि जमलेल्या पैशांचा हिशेबही त्या कार्यालयाला द्यावा लागतो.

नोंदणी नसली तरी पॅन निघतं. त्यासाठी सभासदांनी एकत्र येऊन केलेला लेखी करार लागतो. तो ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करून नोटरी करून घ्या. त्यात मंडळाचं नाव, पत्ता, उद्देश, सभासदांची पूर्ण नावं, पैसे कोण हाताळणार आणि मंडळ बंद झालं तर शिल्लक कुठे जाणार हे असलं पाहिजे. शेवटचं कलम बरेच जण गाळतात, आणि वाद नेमका तिथेच होतो. शिल्लक सभासदांत वाटून घ्यायची नाही, दुसऱ्या सार्वजनिक कामाला द्यायची, असं स्पष्ट लिहा.

पॅनचा अर्ज

पॅन दहा अक्षरांचं असतं. त्यातलं चौथं अक्षर धारक कोण हे सांगतं. ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘टी’ असेल तर ट्रस्ट, ‘ए’ असेल तर व्यक्तींचा समूह. पाचवं अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचं पहिलं अक्षर असतं, संस्थेच्या बाबतीत संस्थेच्या नावाचं. तुमच्या मंडळाकडे आधीच ‘पॅन’ असल्याचं कुणी म्हणत असेल तर कार्ड समोर धरून चौथं अक्षर बघा. ‘पी’ दिसलं तर ते कुणाचं तरी वैयक्तिक कार्ड आहे आणि इतकी वर्षं मंडळाचे व्यवहार त्याच्या नावावर चढत आले आहेत.

अर्ज भरताना विश्वस्त नोंदणी असेल तर ट्रस्ट हा प्रकार निवडा, फक्त करार असेल तर व्यक्तींचा समूह. सोबत नोंदणी प्रमाणपत्राची किंवा कराराची प्रत जोडायची. फी शंभर-सव्वाशे रुपयांच्या घरात आहे. संस्थेच्या अर्जाला फोटो आणि मंडळाचं ‘आधार’ लागत नाही. तसं कुणी मागितलं तर तो व्यक्तीचा अर्ज भरतोय, असं समजा.

अर्ज अडतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे स्थापनेची तारीख. कमानीवर ‘स्थापना १९८७’ असतं, पोरं तेच लिहितात, आणि जोडलेल्या कागदावर वेगळीच तारीख असते. अर्जात कागदावरचीच तारीख हवी. कमानीवरच्या सालाचा अभिमान असावा, पण अर्जात ते चालत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे नाव. प्रमाणपत्र मराठीत असतं, पॅन इंग्रजीत निघतं. ‘तरुण’ लिहिताना इंग्रजी ‘यू’ एकदा की दोनदा? ‘श्री’ला शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’? ‘क्रीडा व सांस्कृतिक’मधला ‘व’ तसाच ठेवायचा की इंग्रजीत ‘अँड’ करायचा? उत्तर कुठलंही चालेल, पण एकदा ठरलं की पॅन, बँक, शिक्का, लेटरहेड, पावतीपुस्तक सगळीकडे तेच आलं पाहिजे. मराठी प्रमाणपत्रावर ‘श्री’ छापलेलं असेल तर ते नावाचाच भाग आहे, गाळू नका. आणि शिक्का करायला टाकण्याआधी पॅन हातात येऊ द्या.

ईमेल आणि मोबाईल नंबर मंडळाचा द्या. अर्ज भरणाऱ्या पोराचा नंबर दिला आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला, की ओटीपीही त्याच्यासोबत पुण्याला जातो. मंडळाच्या नावानं एक सिम घ्या, रिचार्जचा खर्च वहीत टाका.

खातं: बचत की चालू

१८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला बचत खातं मिळू शकतं. फक्त करारावरच्या मंडळाला बचत खातं देता येत नाही, त्याला चालू खातं घ्यावं लागतं. त्यावर व्याज नाही आणि किमान शिल्लक ठेवावी लागते. वर्षातले दहा महिने मंडळाचं खातं रिकामं असतं, तेव्हा किमान शिल्लक किती आणि ती नसेल तर दंड किती, हे सही करण्याआधी विचारा.

पतसंस्थेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. ओळखीचा मॅनेजर, जवळची शाखा, अर्धा टक्का जास्त व्याज हे सगळं कबूल. तरीही लोकांच्या वर्गणीचा पैसा बँकेतच ठेवावा, असं आमचं ठाम मत आहे.

बँक पॅन, नोंदणीचे कागद किंवा करार, ठराव आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रं मागते. नोंदणीकृत संस्थेला नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंदही विचारतात, ती आधीच करून ठेवा म्हणजे एक खेप वाचते. सही करणाऱ्याला १८ वर्षं पूर्ण हवीत.

ठराव मोघम लिहिला की परत येतो. असा लिहा:

“ठराव क्र. ३. मंडळाच्या नावे ……… बँकेच्या ……… शाखेत खाते उघडावे. खात्याचा व्यवहार खजिनदार आणि अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक, अशा दोघांच्या संयुक्त सहीने चालेल. खजिनदाराची सही अनिवार्य राहील. सूचक: ……… अनुमोदक: ……… ठराव सर्वानुमते मंजूर.”

‘तिघांपैकी कोणतेही दोन’ असं लिहिलं तर खजिनदाराला न विचारता पैसे निघू शकतात, म्हणून ‘खजिनदाराची सही अनिवार्य राहील’ हे वाक्य महत्त्वाचं. सहीसाठी गावात राहणारी माणसं निवडा. संयुक्त सहीच्या खात्यावरून मोबाईलनं पैसे पाठवायची सोय सहसा मिळत नाही. मंडपवाल्याला, साउंडवाल्याला चेक द्या. वर्गणी घेण्यासाठी मात्र बँकेकडून मंडळाच्या नावाचा क्यूआर मागून घ्या.

दरवर्षी नवा अध्यक्ष

सर्वात जास्त खाती याच कारणानं अडकतात. आपल्याकडे उत्सवाचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो, ती रीत चांगली आहे, सगळ्यांना मान मिळतो. पण बँक धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवरची, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावरची, नावं बघते. तिथे पंधरा वर्षांपूर्वीची मंडळी असतात, त्यातले एक-दोघं हयातही नसतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर दर निवडणुकीला एक अर्ज तुंबतो, आणि मग सगळे क्रमानं निकाली काढावे लागतात.

यावर सोपा उपाय आहे. उत्सव समिती वेगळी ठेवा आणि कार्यकारिणी वेगळी. उत्सवाचा अध्यक्ष दरवर्षी नवा असू दे, बँकेत सह्या करणारी कार्यकारिणी मंडळाच्या घटनेप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) तीन किंवा पाच वर्षांची ठेवा.

मंडळाची भिशी असेल तर ती या खात्यातून फिरवू नका. भिशीचा पैसा सभासदांचा, वर्गणीचा पैसा मंडळाचा. दोन्ही एकत्र आले की ऑडिटला वेगळे काढता येत नाहीत. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पुढच्या सहा महिन्यांत ऑडिट व्हावं लागतं, म्हणजे पावतीपुस्तकांची स्थळप्रत एप्रिलमध्येच गोळा करा, गणपतीच्या धांदलीत नको. मुदतठेव असेल तर बँकेत पॅन नोंदलेलं आहे ना, हे पडताळा. व्याजावर कर कापायची वेळ आली तर पॅन असताना १० टक्के कापतात, नसताना २० टक्के. आणि दोन वर्षं खात्यात तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं.

कुणी मोठी देणगी देताना ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली, तर ती पॅनवर देता येत नाही. त्यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, आणि ती असली तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही.

आमच्याकडे येताना

मूळ प्रमाणपत्रं, घटना, परिशिष्ट एक, शेवटच्या निवडणुकीचं इतिवृत्त आणि सध्याचा शिक्का आणा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या दप्तराला पाणी लागलं असेल, तर ओली-फाटकी पानं टाकून देऊ नका, तशीच आणा. नोंदणी क्रमांक वाचता आला तरी धर्मादाय कार्यालयातून प्रमाणित प्रत मागता येते.