एनएफएलच्या दोन करमाफ्या: एक गेली, दुसरी आहे तिथेच आहे

१० ऑक्टोबर २०१७ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर सवाल केला: राष्ट्रगीत, झेंडा आणि देशाचा अपमान करणाऱ्या एनएफएलला (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगला) एवढ्या भरमसाट करसवलती कशाला? कायदा बदला! राग होता तो राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून निषेध करणाऱ्या खेळाडूंवरचा. लीगकडून लगेच उत्तर आलं की आमच्या कार्यालयाची करमाफी आम्ही २०१५ सालीच सोडली आहे. मग व्हाइट हाउसने खुलासा केला की अध्यक्षांचा रोख स्टेडियमसाठी मिळणाऱ्या सवलतींकडे होता.

गंमत अशी की दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. ‘एनएफएलची करमाफी’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी नांदतात आणि खेळाडूंच्या वागणुकीवरून लोक भडकले की दोन्हींची गल्लत होते. एकदा २०१४ मध्ये तसं झालं आणि पुन्हा २०१७ मध्ये.

(इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखेत मारून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे.)

पहिली करमाफी: कार्यालयाची

एनएफएल म्हणजे ३२ संघांची लीग. हे संघ खाजगी मालकीचे धंदे आहेत आणि ते कर भरतात. तिकिटं, जर्सी, टीव्हीचे हक्क हा सगळा पैसा संघांकडे किंवा संघांच्या मालकीच्या कंपन्यांकडे जातो आणि त्यावर कर लागतो. करमाफी होती ती फक्त लीगच्या मध्यवर्ती कार्यालयाला. नियम ठरवणं, पंच नेमणं, कारभार पाहणं ही त्याची कामं, आणि खर्च संघांच्या वर्गणीतून चालायचा. १९४२ पासून हे कार्यालय व्यापारी संघटना म्हणून करमुक्त होतं. आपल्याकडच्या एखाद्या व्यापारी महासंघाच्या ऑफिससारखंच म्हणा. पुढे १९६६ मध्ये, दोन प्रतिस्पर्धी लीगांच्या विलीनीकरणाच्या वेळी, अमेरिकी काँग्रेसने करकायद्याच्या कलम ५०१(सी)(६) मध्ये चेंबर ऑफ कॉमर्सच्या पंक्तीत ‘व्यावसायिक फुटबॉल लीग’ हे शब्दच घालून दिले.

ऐकायला हे भयंकर वाटतं. अब्जावधींची उलाढाल करणारी लीग म्हणे ‘ना-नफा’! पण काँग्रेसच्या करविषयक संयुक्त समितीचा अंदाज होता की ही सवलत काढली तर सरकारला दहा वर्षांत मिळून १० कोटी ९० लाख डॉलर मिळतील. म्हणजे वर्षाला एक कोटीच्या थोडं वर. त्या मानाने लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांचं २०१२ चं एकट्याचं मानधन होतं ४ कोटी ४२ लाख डॉलर. हा आकडा जगाला कळला तोही त्या करमाफीमुळेच, कारण करमुक्त संस्थेला वरिष्ठांचे पगार जाहीर करावे लागतात. एप्रिल २०१५ मध्ये लीगने करमाफी सोडली आणि पगार जाहीर करण्याची सक्तीही आपोआप संपली. मालकांनी तोटा सोसून त्याग केला असं कोणी म्हणालं, तर एवढं लक्षात ठेवावं.

दुसरी करमाफी: कर्जरोख्यांवरच्या व्याजाची

ही दिसत नाही, कारण ती संघाच्या नावावर नसतेच. शहर किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) स्टेडियम बांधायला कर्जरोखे काढते. हे रोखे करमुक्त ठरले तर ते विकत घेणाऱ्याला व्याजावर केंद्राचा आयकर भरावा लागत नाही, म्हणून तो कमी व्याजावरही खूश असतो. समजा, एरवी पाच टक्क्यांनी मिळालं असतं ते कर्ज चार टक्क्यांनी मिळालं. शहराचा एक टक्का वाचला, स्टेडियम स्वस्तात उभं राहिलं आणि बुडाला तो केंद्राचा कर. मोंटाना राज्यात एनएफएलचा एकही संघ नाही, तरी तिथला करदाता दुसऱ्या राज्यातल्या स्टेडियमला हातभार लावतो आणि त्याला ते कळतही नाही.

खरं तर १९८६ च्या करसुधारणा कायद्याला हे बंद करायचं होतं. त्यात दोन कसोट्या घातल्या गेल्या. बांधलेल्या वास्तूचा दहा टक्क्यांहून जास्त वापर खाजगी धंद्यासाठी होत असेल आणि कर्जाची दहा टक्क्यांहून जास्त परतफेड त्याच खाजगी धंद्याच्या पैशातून होत असेल, तर रोखे करमुक्त नाहीत. पण दोन्ही गोष्टी एकदम घडल्या तरच. पहिल्या कसोटीला स्टेडियम उघडउघड अडकतं, संघाशिवाय ते वापरतं कोण? मग शहरांनी दुसरीतून वाट काढली. संघाकडून येणारा पैसा दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि उरलेले नव्वद टक्के विक्रीकर, हॉटेलकर असल्या सार्वजनिक पैशातून फेडायचे.

म्हणजे संघ जितकं कमी भाडं देईल, तितकी सवलत पक्की. कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं की इतका आतबट्ट्याचा व्यवहार कोणतंही शहर करणार नाही. शहरांनी तो रांगेत उभं राहून केला. आपल्याकडे साखर कारखान्याला सरकार थकहमी देतं तेव्हा निदान कर्ज तरी कारखान्याच्या नावावर असतं. इथे कर्जसुद्धा शहराच्याच नावावर.

ब्रुकिंग्ज या अमेरिकी अभ्याससंस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला. २००० सालानंतर बांधलेल्या किंवा मोठी दुरुस्ती केलेल्या ४५ व्यावसायिक स्टेडियमांपैकी (यात सगळे मोठे खेळ आले) ३६ स्टेडियमांनी करमुक्त रोखे वापरले होते आणि त्यातून केंद्राने दिलेली छुपी मदत सुमारे ३२० कोटी डॉलर होती. वरचे १० कोटी ९० लाख शेजारी ठेवून पाहा.

शिवाय ही फक्त केंद्राची बाजू. राज्य आणि शहर स्वतःच्या खिशातून घालतात ते वेगळंच. लास व्हेगासच्या स्टेडियमला हॉटेलांच्या खोल्यांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर, बफेलोला राज्य आणि काउंटी मिळून ८५ कोटी, नॅशव्हिलला १२६ कोटी. न्यू जर्सीत एडिसन, पार्सिपनीकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनाही हा अनुभव परका नाही. तिथलं जुनं जायंट्स स्टेडियम २०१० मध्ये पाडलं तेव्हा त्याच्या नावावरचं दहा कोटी डॉलरहून जास्त कर्ज राज्याच्या डोक्यावर शिल्लक होतं. स्टेडियम गेलं, हप्ते राहिले.

मग वागणुकीचा संबंध कुठे येतो?

फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या रेव्हेल कसिनोच्या लिफ्टमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सचा खेळाडू रे राइस याने आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध केलं. जुलैमध्ये लीगने शिक्षा दिली ती दोन सामन्यांच्या निलंबनाची. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रण बाहेर आलं आणि देश हादरला. त्याच दिवशी संघाने त्याला काढलं, लीगने बेमुदत निलंबित केलं. नोव्हेंबरमध्ये लवादाने ते बेमुदत निलंबन रद्द केलं, कारण एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा झाली होती. (जाता जाता: त्या कसिनोलाही न्यू जर्सी राज्याने २६ कोटी १० लाख डॉलरच्या करसवलतीचं आश्वासन दिलं होतं. चित्रण बाहेर येण्याच्या सहा दिवस आधी तो बंद पडला.)

संताप एवढा होता की आठवड्याभरात तो करकायद्यापर्यंत पोचला. सिनेटर कोरी बुकर यांनी लीगांची करमाफी काढून तो पैसा कौटुंबिक हिंसाचार रोखण्याच्या कामाला द्यायचं विधेयक आणलं. सिनेटर मारिया कँटवेल यांनी वॉशिंग्टनच्या संघाच्या वर्णद्वेषी नावावरून तीच करमाफी लक्ष्य केली. हेतूबद्दल वाद नाही. पण दोघांनी धरली ती छोटी करमाफी. सात महिन्यांनी लीगने ती स्वतःहून टाकून दिली आणि ही नसती कटकट मिटवतोय असा सूर लावला. रोख्यांची करमाफी मात्र तशीच राहिली. बुकर यांनीच पुढे, जून २०१७ मध्ये, सिनेटर जेम्स लँकफर्ड यांच्या साथीने रोख्यांविरुद्ध विधेयक आणलं. त्याच वर्षी करकायद्याच्या प्रतिनिधीगृहातल्या मसुद्यात स्टेडियमचे रोखे करपात्र करायची तरतूद होती. डिसेंबरमध्ये अंतिम कायदा झाला, त्यात ती नव्हती. ट्रम्प यांनी ‘कायदा बदला’ म्हटल्याला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते.

वागणुकीचे नियमही नीट पाहायला हवेत, कारण तिथेही गल्लत होते. ‘कमिशनर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस किंवा महापालिका येते. गुडेल यांना नेमतात आणि पगार देतात ते संघांचे मालक. डिसेंबर २०१४ मध्ये मालकांनी मंजूर केलेल्या वर्तन धोरणात हिंसाचाराच्या पहिल्या घटनेला साधारण सहा सामन्यांचं बिनपगारी निलंबन आहे. त्यासाठी कोर्टात दोषी ठरावंच लागतं असं नाही. डॅलसच्या इझिकिएल इलियटवर गुन्हा दाखल झाला नव्हता, तरी २०१७ मध्ये त्याला सहा सामने बाहेर बसावं लागलं. डेशॉन वॉटसनवर टेक्ससमधल्या ग्रँड ज्यूरींनी (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी) आरोप ठेवले नाहीत, तरी २०२२ मध्ये ११ सामने आणि ५० लाख डॉलर दंड. हा नोकरी देणाऱ्याचा नियम आहे, सरकारचा नव्हे.

राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणं तर या वर्तन धोरणात येतच नव्हतं. कॉलिन कॅपर्निकने २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध सुरू केलेला तो निषेध होता. राष्ट्रगीताबद्दलची सूचना सामन्यांच्या नियमपुस्तिकेत होती आणि तीही ‘उभं राहावं’ अशा भाषेत. मे २०१८ मध्ये मालकांनी सक्तीचा नियम केला, जुलैत खेळाडूंच्या युनियनशी बोलणी सुरू झाल्यावर तो गुंडाळून ठेवला. खाजगी मालकाला असले नियम करता येतात. सरकारने मात्र एखाद्याच्या निषेधाची शिक्षा म्हणून त्याच्यावर कर लावायचं ठरवलं तर अमेरिकेत ते सरळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनादुरुस्तीवर आदळतं. कौटुंबिक हिंसाचार आणि मूक निषेध, दोन्हींना ‘खेळाडूंचं वर्तन’ म्हणून एका पोत्यात भरणं मला तरी पटत नाही.

आणि समजा सरकारला खरोखरच पैशाची वेसण घालायची असली, तरी कशाला घालणार? रोख्यांची मुदत तीस-तीस वर्षांची असते. खेळाडू चुकला म्हणून ज्यांनी ते रोखे घेतले त्या गुंतवणूकदारांचं व्याज सहसा मधेच करपात्र केलं जात नाही. बदल होतो तो पुढच्या रोख्यांपुरता. निलंबनात खेळाडूचा पगार थांबतो, स्टेडियमचा हप्ता चालूच राहतो.

आपल्याकडेही ही जोडगोळी आहेच. बीसीसीआयला धर्मादाय संस्था म्हणून आयकरातून सूट मिळावी का, हा वाद मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणात गेला आणि २०२१ मध्ये निकाल मंडळाच्या बाजूने लागला. आयपीएलच्या सामन्यांना पोलीस बंदोबस्ताचं शुल्क किती, आणि राज्य सरकारने २०२३ मध्ये ते मागच्या तारखेपासून कमी का केलं, हा वेगळा वाद, तो मुंबई उच्च न्यायालयात. गप्पांत मात्र दोन्ही एकाच वाक्यात येतात.

दोन्ही एकाच गावात

वर्तन आणि सार्वजनिक पैसा एकत्र पाहायचे तर ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला जावं. १९९६ मध्ये तिथल्या हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी दोन स्टेडियमांसाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर मंजूर केला. बदल्यात घरपट्टीत सूट मिळेल असं सांगितलं होतं. सिनसिनाटीच्या बेंगाल्स संघाशी झालेल्या भाडेकरारात काउंटीने इतकं कबूल केलं की पुढे येणारं नवं तंत्रज्ञानही काउंटीनेच बसवून द्यायचं. त्या यादीत होलोग्रामने रिप्ले दाखवणारी यंत्रणाही होती, जी तेव्हा कुठेच अस्तित्वात नव्हती. कराचं उत्पन्न अपेक्षेइतकं आलं नाही, घरपट्टीची सूट कापली गेली आणि २०११ मध्ये काउंटीने आपलं सार्वजनिक रुग्णालय विकलं.

याच संघाच्या खेळाडूंना २००६ च्या सुमारास इतक्या वेळा अटक झाली की टीव्हीवरच्या विनोदवीरांना आयतं खाद्य मिळालं. एप्रिल २००७ मध्ये गुडेल यांनी वर्तनाचे नियम पहिल्यांदा कडक केले, तेव्हा बेंगाल्सच्या ख्रिस हेन्रीला आठ सामने आणि टेनेसीच्या पॅकमन जोन्सला अख्खा हंगाम बाहेर बसवलं. पुढे बेंगाल्सने त्याच पॅकमन जोन्सला आपल्या संघात घेतलं. तो ज्या स्टेडियमवर खेळला, तिथला रिप्ले होलोग्रामचा नव्हता. जून २०२५ मध्ये काउंटीने त्याच स्टेडियमच्या दुरुस्तीचा नवा करार मंजूर केला: ३५ कोटी डॉलर काउंटीचे, १२ कोटी संघाचे.