खगोल व ताऱ्यांचे स्थाननिर्देशन

खगोल : निरीक्षकाभोवती कल्पिलेला अमर्याद त्रिज्येचा गोल. तारे निरनिराळ्या अंतरांवर असले, तरी दिशा सांगण्यापुरते ते याच्या आतल्या पृष्ठावर मानतात. क्षितिज, खस्वस्तिक (डोक्यावरचा बिंदू) व याम्योत्तरवृत्त (त्यातून जाणारे दक्षिणोत्तर वर्तुळ) स्थळाप्रमाणे बदलतात. वैषुविकवृत्त (खगोलावरचे विषुववृत्त) व आयनिकवृत्त (सूर्याचा वार्षिक मार्ग) तसे बदलत नाहीत.

ध्रुवबिंदूचे (पृथ्वीचा अक्ष खगोलाला जेथे भिडतो तो बिंदू) उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची, अंशांत) स्थळाच्या अक्षांशाइतके असतात : साताऱ्यास १७.७°, सांगलीस १६.९°. ध्रुवतारा त्या बिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर आहे. याम्योत्तर ओलांडताना दक्षिणेकडील ताऱ्याचे उन्नतांश = ९०° − अक्षांश + क्रांती (वैषुविकवृत्तापासूनचे अंतर; दक्षिणेकडील ऋण). अगस्त्य (क्रांती −५२.७°) साताऱ्यास १९.६° वर येतो. त्रिशंकूचा सर्वांत तेजस्वी तारा (−६३.१°) साताऱ्यास ९.२°, सांगलीस १०° चढतो. मेच्या मध्यास त्याची याम्योत्तर ओलांडण्याची वेळ रात्री साडेनऊच्या सुमारास येते. सूत्रात डोंगर धरलेला नसतो. सातारा शहरातून दक्षिणेला अजिंक्यतारा किल्ल्याचा डोंगर आड येतो. सांगली-मिरजेच्या सपाटीवर अडचण नाही.

वेळ घेताना हटकून चूक होते. प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची, सातारा ७४° वर, म्हणून घड्याळातून ३४ मिनिटे (सांगलीस सु. ३२) वजा करावीत. हे राहिले तर होराकोन (ताऱ्याचे याम्योत्तरवृत्तापासूनचे कोनीय अंतर) ८.५° चुकतो. स्थानिक मध्यरात्री नाक्षत्र काल (ताऱ्यांच्या दैनिक फेरीवरून मोजलेला) २२ सप्टेंबरच्या सुमारास शून्य असतो व पुढे रोज ३ मि. ५६ से. वाढतो. नाक्षत्र कालातून विषुवांश (वैषुविकवृत्तावर पूर्वेकडे मोजलेले ताऱ्याचे अंतर) वजा केले की होराकोन मिळतो.

पडताळा शून्य सावलीने घेता येतो. साताऱ्यास सूर्य ११ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला डोक्यावर येतो. १-२ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा येतो, पण कालसमीकरणामुळे (खरा सूर्य व घड्याळ यांतील बदलता फरक) सु. १० मिनिटे उशिरा, आणि पावसाळी ढगांमुळे तो बहुधा हुकतो.

आरंभबिंदूचा वाद : विषुवांश वसंतसंपातापासून (सूर्य उत्तरेकडे जाताना वैषुविकवृत्त ओलांडतो तो बिंदू) मोजतात. संपात वर्षाला सु. ५०.३″ पश्चिमेस सरकतो, म्हणून ताऱ्यांच्या कोष्टकावर वर्ष पाहणे आवश्यक. निरयन गणनेचा (संपाताऐवजी ताऱ्यांना धरणारी) आरंभ स्थिर. तो कोठे मानावा यावर मात्र एकमत नाही. उपलब्ध सूर्यसिद्धांत या प्राचीन ज्योतिषग्रंथात संपात २७° मागेपुढे झुलतो असे आहे. ज्योतिषी मुंजालाने (दहावे शतक) त्याचे पूर्ण भ्रमण मानले. गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवात (१५२०) शके ४४४ मध्ये अयनांश (स्थिर आरंभ व संपात यांतील अंतर) शून्य व वार्षिक गती १′ धरली आहे. गती जास्त असल्याने दर शतकास सु. १६′ फरक साचतो. सूर्यसिद्धांतातच चित्रेचा ध्रुवक (आरंभापासून आयनिकवृत्तावरचे स्थान) १८०° व रेवतीचा ३५९° ५०′ दिला आहे. आजच्या मोजणीत दोन्ही एकदम जुळत नाहीत. ज्योतिर्गणिती केरोनाना छत्रे यांनी रेवतीपक्ष (रेवतीवरून आरंभ ठरविणारा) स्वीकारला, तर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रापक्ष (चित्रेवरून ठरविणारा). पहिल्यानुसार शून्यायनांश वर्ष सु. इ. स. ५७०, दुसऱ्यानुसार सु. २८५ येते. रेवतीची मानलेली योगतारा (नक्षत्राची खूण असलेला मुख्य तारा) पाचव्या प्रतीची, अंधुक, व तिची ओळखही वादातीत नाही. वेधाच्या दृष्टीने ठळक चित्रा अधिक सोयीची. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने (अहवाल १९५५) चित्रापक्षाला धरूनच अयनांश ठरविले.

दोन्ही पक्षांच्या अयनांशांत आज सु. ४° फरक आहे. त्यामुळे रेवतीपक्षाच्या टिळक पंचांगात मकर संक्रमण १० जानेवारीच्या सुमारास, इतर बहुतेक पंचांगांत १४-१५ जानेवारीस येते. अधिक महिनाही काही वर्षी वेगळा पडतो.