'सतत वापराचे तापमान' हा आकडा आला कुठून?

प्लास्टिक किती तापमानावर दीर्घकाळ टिकेल हे सांगणारा हा आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकावर, म्हणजे डेटाशीटवर असतो. तो ज्यातून निघतो ती उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे आयुष्य मोजण्याची रीत मुळात प्लास्टिकसाठी नव्हतीच. १९३०च्या सुमारास ती ट्रान्सफॉर्मरच्या तेलात बुडालेल्या कागदासाठी बसवली गेली: तापमान आठेक अंशांनी वाढले की कागदाचे आयुष्य निम्मे. १९४८मध्ये या ठोकताळ्याला रासायनिक अभिक्रियांच्या वेगाचे समीकरण मिळाले. साठच्या दशकात पॉलिइमाइड फिल्म आली, ऐंशीच्या दशकारंभी पीक (PEEK, पॉलिइथर-इथर-कीटोन) हे उष्णता सोसणारे प्लास्टिक बाजारात आले आणि विद्युतरोधकांची मोजपट्टी त्यांनाही लागली.

घोळ इथला आहे. नमुने भट्टीत तापवायचे, ठरावीक तासांनी काढायचे, थंड करायचे आणि खोलीच्या तापमानाला ओढून तोडायचे. ताकद निम्मी उरली की आयुष्य संपले असे धरायचे. ज्या तापमानावर हे आयुष्य ठरावीक तासांचे भरते, तो आकडा डेटाशीटवर येतो; प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्यासाठी २०,००० तास, म्हणजे सव्वादोन वर्षे, धरतात. 'निम्मी' हा केवळ संकेत आहे. पदार्थाच्या आत त्या टप्प्यावर विशेष काही घडत नाही. शिवाय कोणता गुणधर्म निम्मा झाला, हे विचारावेच लागते. अमेरिकी पद्धतीने साध्या, मजबुतीचे तंतू न मिसळलेल्या पीकला तीन आकडे मिळतात: विद्युत गुणांसाठी २६० अंश सेल्सियस, आघात सोसण्याची शक्ती वगळून यांत्रिक गुणांसाठी २४०, ती धरून १८०. जाहिरातीत २६० झळकतो. पण पीकचे काचसंक्रमण, म्हणजे काचेसारखा ताठ पदार्थ मऊ पडू लागणे, १४३ अंशांलाच होते. त्यापुढे ताठरपणा झपाट्याने घसरतो आणि भाराखालचा भाग पहिल्याच दिवशी वाकू शकतो. थंड करून तोडलेला नमुना हे सांगत नाही. माझ्या मते डेटाशीटवरची ही सर्वांत मोठी दिशाभूल आहे.

आघातशक्ती आधी का जाते? ऑक्सिजन पृष्ठभागातून आत शिरतो, तिथल्या साखळ्या तुटतात किंवा एकमेकींना जोडल्या जातात आणि वर ठिसूळ कातडी तयार होते. आतला गाभा शाबूत असला, तरी तडा त्या कातडीतून सुरू होतो.

नव्वदच्या दशकात स्वनातीत प्रवासी विमानाच्या अमेरिकी प्रकल्पाने १७७ अंशांवर ६०,००० तासांची अट घातली. हे जवळजवळ सात वर्षे अखंड तापणे झाले. भट्टीचे तापमान वाढवून चाचणीचा वेळ वाचवावा, तर दुसरीच अडचण. काचसंक्रमणाच्या खाली रेणू हळूहळू घट्ट बसत जातात, तोडफोड न होताही पदार्थ ताठ आणि ठिसूळ होतो. हे भौतिक जीर्ण होणे काचसंक्रमणाच्या वर तापवले की पुसले जाते. रासायनिक नुकसान मात्र तसेच राहते. म्हणून त्या मर्यादेपलीकडे घाईने भाजलेला नमुना विमानात प्रत्यक्ष झिजणाऱ्या पदार्थाचा प्रतिनिधी ठरत नाही. तो प्रकल्प १९९९मध्ये बंद झाला.