कोकण किनाऱ्यावरील आगबोट वाहतूक

मुंबई बंदर ते गोवा या किनारपट्टीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललेली प्रवासी जलवाहतूक. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला व पणजी ही तिची प्रमुख बंदरे. मुंबई बंदराच्या आतील व लगतची रेवस, मोरा, धरमतर ही वाहतूक तिच्याशी संलग्न असली, तरी तिचे स्वरूप वेगळे होते.

आरंभ : मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची बोट १८३० साली सुएझला गेली. ही घटना किनारी वाहतुकीचा आरंभ म्हणूनही काही ठिकाणी दिली जाते. मात्र ती टपालाची दूर पल्ल्याची फेरी होती, कोकणाशी तिचा थेट संबंध नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची परंपरा सामान्यतः १८४५ च्या सुमारास निघालेल्या कंपनीपर्यंत नेली जाते. कंपनीचा आरंभ आणि ठरावीक वेळापत्रकाने चालणाऱ्या प्रवासी फेऱ्यांचा आरंभ या दोन गोष्टी जुन्या लेखनात पुष्कळदा एकच मानल्या गेल्या आहेत. मधल्या काळात मालक व चालक बदलले आणि सुरुवातीच्या बोटींचा भर मालावर होता. हे ध्यानी घेता नियमित प्रवासी वाहतूक १८६० नंतर स्थिरावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तत्पूर्वी व त्यानंतरही बराच काळ शिडाचे मचवे व पडाव या होड्या प्रवासी नेत असत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बोटी शेफर्ड नावाच्या पेढीच्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी बॉम्बे स्टीमचे व्यवस्थापन किलिक निक्सन या पेढीकडे गेले, तरी लोकांच्या तोंडी ‘शेपर्ड कंपनी’च राहिली. स्वदेशीच्या चळवळीत हिंदी भागधारकांनी काढलेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनीने तिच्याशी स्पर्धा मांडली. ही ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखली जाई, आणि तिने आपल्या बोटींना रामदास, तुकाराम अशी संतांची नावे दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बॉम्बे स्टीमवर सिंदिया कंपनीचा ताबा आला. १९६० नंतर चौगुले कंपनी, पुढे मोगल लाईन ही जहाज कंपनी आणि ती विलीन झाल्यावर भारतीय नौवहन महामंडळ असा हा वारसा फिरत गेला.

चढउतार : बहुतेक बंदरांवर बोटीला टेकेल असा धक्का नव्हता. बोट किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकी. प्रवासी आधी पुळणीवरून गुडघाभर पाण्यातून पडावात चढत. बायका, म्हातारीकोतारी व पोरांना खलाशी उचलून घेत. पडाव वल्ह्यांनी बोटीच्या अंगाला लावला जाई. लाटेबरोबर पडाव हातभर वर आला की त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा आणि वरच्या खलाशाने मनगट धरून ओढून घ्यायचे. मागोमाग वळकट्या, ट्रंका, आंब्यांच्या पेट्या, फणस, कोंबड्यांचे हारे. एखाद्या बंदरावर बोट मध्यरात्रीही येई. मग हा सगळा व्यवहार कंदिलाच्या उजेडात चाले. वारा फिरला तर पडाव निघत नसे, बोट भोंगा देऊन पुढे जाई आणि त्या गावचे प्रवासी पुढच्या बंदरावर उतरत. डेकच्या तिकिटाला जागा ठरलेली नसे. ज्याने आधी वळकटी पसरली त्याची ती जागा. मुंबईहून सकाळी सुटलेली बोट साधारण दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे.

खाड्यांच्या मुखाशी उतरणाऱ्यांसाठी पुढे लहान लाँची असत. दाभोळहून वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंतची फेरी त्यांपैकी विशेष महत्त्वाची. मुंबईच्या गिरण्यांतील चाकरमानी शिमग्याला व मे महिन्यात याच मार्गाने गावी जात, आणि त्यांच्यावर चाललेली कोकणातील घरे अप्रत्यक्षपणे या बोटींवर अवलंबून होती. जूनपासून पाऊस ओसरेपर्यंत, साधारण सप्टेंबरापर्यंत, मुख्य मार्ग बंद राही. त्या काळात रेल्वेने कोल्हापूर व तेथून घाट उतरून यावे लागे.

अपघात : ११ नोव्हेंबर १९२७ रोजी जयंती व तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. सर्वांत मोठी दुर्घटना रामदास बोटीची. १९३६ साली इंग्लंडात बांधलेली, सुमारे ४०० टनांची ही बोट १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सुमारास, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. रेवस मार्गाला पावसाळी बंदी लागू नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. मृतांची संख्या ६२५ ते ६७० च्या दरम्यान वेगवेगळी दिली जाते. पावसात बांधलेल्या ताडपत्रीखाली अडकून अनेकजण दगावले आणि बोट कलताच प्रवासी एका अंगाला धावल्याने तोल गेला, असे वाचलेल्यांच्या हकिकतींतून दिसते. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे बातमी मुंबईला कित्येक तासांनी, पोहत वाचलेल्यांकडून पोचली. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतील मासळी समुद्रात टाकून लोकांना वर घेतले. सरकारी मदतीआधी पोचलेली ही माणसे या नोंदीत आवर्जून स्मरणीय आहेत. त्यानंतर अशा बोटींना बिनतारी यंत्रणा सक्तीची झाली.

अस्त : गोव्यातील पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या आर्थिक नाकेबंदीमुळे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पणजीची फेरी खंडित होती, १९६१ च्या मुक्तीनंतर ती पुन्हा सुरू झाली. सेंट अँथनी, चंपावती, रोहिणी, कोकण सेवक, कोकण शक्ती ही त्या व नंतरच्या पिढ्यांच्या स्मरणातील नावे. कोकण रेल्वेने बोट बंद पाडली असे सर्रास म्हटले जाते, परंतु कालक्रम त्याला आधार देत नाही. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा पूर्ण लोहमार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, तेव्हा बोट बंद होऊन जवळपास दशक उलटले होते. जुनी जहाजे, वर्षातील तीन-चार महिन्यांची बंदी, धक्क्यांचा अभाव आणि एस. टी. चे गावागावांत पोचलेले जाळे ही कारणे अधिक सयुक्तिक वाटतात. सागरी बंदरात उतरून पुन्हा गाडी शोधण्यापेक्षा वाडीच्या फाट्यावर उतरवणारी रातराणी (रात्रीची एस. टी.) लोकांनी पसंत केली.

त्यानंतर : नव्वदच्या दशकात दमानिया कंपनीची मुंबई–गोवा वेगवान कॅटामरान (दुहेरी तळाची नौका) काही वर्षे चालली. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच मार्गावर ‘आंग्रिया’ ही पर्यटन नौका सुरू झाली. केबिन, पोहण्याचा तलाव व उपाहारगृहे असलेली ही नौका मधल्या बंदरांसाठी नव्हती. खाडीवरील फेऱ्यांत २००३ पासूनची दाभोळ–धोपावे वाहन फेरी महत्त्वाची आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली. तिच्यात मोटारी प्रवाशांसह बोटीत चढतात, आणि गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या लाँची पावसाळ्यात बंद असतानाही, हवामान अनुकूल असल्यास, ती चालू राहते.