बेडूक पावसाला हाक मारत नाहीत

पुण्यात पहिल्या सरी कोसळल्या की ‘बेडूक ओरडून पाऊस बोलावतात’ हे वाक्य हमखास कानी पडते; वास्तवात ती साद नर बेडूक आपल्याच जातीच्या मादीला घालत असतो. विणीच्या काळात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून खर्जात ओरडतो, तर जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या चिमुकल्या जातीचा नर कोरडे, करकरते आवाज काढतो. एकाच डबक्यात अनेक जाती जमल्या तरी सरमिसळ सहसा होत नाही, ती यामुळेच.

उत्तर अमेरिकेतील करड्या वृक्षबेडकांच्या दोन जाती तर हुबेहूब सारख्या दिसतात, मात्र एकीत गुणसूत्रांचे संच दोन, दुसरीत चार. मादी प्रामुख्याने सादेतील स्पंदनांच्या वेगावरून आपला नर ओळखते, आणि ही निवड चुकल्यास होणारी संतती बहुधा वंध्य निपजते.